लांब पल्ल्याचे बूट : नोंद तिसरी, ६१० किलोमीटरनंतर

मागच्या नोंदीत मोटारसायकलवर घालायचे बूट घेतले एवढं सांगून थांबलो होतो. आता नागपूर-पचमढी-नागपूर झालं, ऑफिसची रोजची ये-जा झाली, मीटरवर ६१० किलोमीटर भरले. डिसेंबरात राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून कन्याकुमारी गाठायची आहे. दीड हजाराच्या वर किलोमीटर एका बाजूने. त्याआधी पाय आणि बूट एकमेकांना सरावले पाहिजेत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधीची हकीकत. गेल्या श्रावणात रामटेकहून परतताना मनसरजवळ चहाला थांबलो. डावा पाय टेकवायला गेलो, तर ट्रेकिंग बुटाची लेस गिअर लिव्हरमध्ये अडकलेली. पाय खाली आलाच नाही. गाडी मुरमावर आडवी झाली आणि घोटा फुटरेस्टखाली सापडला. टपरीवाला धावत आला, "भाऊ, पाय ओढू नका, आधी गाडी उचलू द्या." सहा आठवडे प्लास्टर. वेग होता शून्य.

म्हणून आता कोणताही बूट हातात आला की मी आधी तो पिळून बघतो. एका हातात टाच, दुसऱ्यात चवडा, आणि धुतलेला कपडा पिळतो तसा पीळ द्यायचा. सहज पिळला गेला तर तो बूट परत फळीवर. मग तळवा दोन्ही कडांनी दाबायचा, कारण गाडी अंगावर येते तेव्हा पाय बहुधा आडवा चेपला जातो. घोट्यावर आतून-बाहेरून कडक वाटी हवी, लेस उघडी नको. माझ्या बुटांना तीन बकल आहेत आणि बूट नडगीच्या मध्यापर्यंत येतात.

आतल्या लेबलवर ईएन १३६३४ हे मोटारसायकलच्या बुटांचं युरोपीय मानक आणि खाली चार आकडे असतात : उंची, घासण्याला विरोध, कापण्याला विरोध आणि आडव्या दाबाला विरोध. प्रत्येक आकडा १ किंवा २. माझ्या बुटांवर २ १ २ २ आहे. घासण्याचा १ मी चालवून घेतला, शेवटचा २ मात्र सोडला नसता. शेजारी आयपीए अक्षरं असतील तर घोट्याच्या पॅडची वेगळी चाचणी झालेली असते.

बुटीबोरी एमआयडीसीतला मित्र म्हणतो, कंपनीचे सेफ्टी शूज आहेत की, वेगळा खर्च कशाला? त्यांची पोलादी टोपी २०० जूलचा आघात सोसते हे खरं. पण ती बोटांपुरती. माझा घोटा त्या बुटातही तसाच मोडला असता.

आता खरी डोकेदुखी. नवीन बुटाचा पुढचा भाग एवढा जाड, की गिअर लिव्हरखाली चवडा जाईचना. पहिल्या दिवशी वर्धा रोडवर दुसरा गिअर टाकायला पूर्ण पाय फुटरेस्टवरून उचलावा लागत होता. रविवारी लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या लिंक रॉडचे दोन्ही लॉकनट सैल केले (एका टोकाला उलटे आटे असतात, जोर लावण्याआधी बघा), रॉड थोडा फिरवला आणि लिव्हर बोटभर वर आणला. मागचा ब्रेक पेडलही थोडा खाली घेतला, कारण जाड सोलचं वजन पडून ब्रेक लाइट कायम जळत होता. पेडल हलवलं की ब्रेक लाइटचा स्विचही पुन्हा जुळवावा लागतो. हे केल्याशिवाय बूट वाईट आहे असं कुणी ठरवू नये.

वॉटरप्रूफ अस्तराचे बूट मी मुद्दाम घेतले नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश जातं, त्यात ते अस्तर पाय शिजवतं. आणि पाणी वरून, पँटच्या कडेने आत शिरलं की तेच अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. सिल्लेवानी घाटात पाऊस लागला तेव्हा वरून रबरी कव्हर चढवलं आणि रेनपँट बुटाच्या बाहेर ठेवली. छिंदवाड्यात बूट काढले तर उजवा मोजा कोरडा, डावा टाचेशी ओला. कव्हरची शिवण तिथे उसवली होती. रात्रभर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवले. उन्हात अजिबात नाही. चामडं कडक होतं आणि सोलचा डिंक सुटतो.

तामियाच्या पुढे बराच वेळ उभ्याने चालवलं. तळव्यात फुटरेस्ट बोचत नाही, हा सोलमधल्या पोलादी पट्टीचा फायदा. चालायला मात्र हे बूट जड आहेत. पचमढीत जटाशंकरच्या पायऱ्या उतरताना पोटऱ्या भरून आल्या. कन्याकुमारीला सामानात साध्या चपला नक्की.

करकोच्यासारखे पाय असलेल्यांनी पोटरीची गोलाई जरूर बघा, वरून जागा राहिली तर पाणी तिथूनच येतं. माप संध्याकाळी घ्या, जाड मोजे घालून, कारण दिवसभरात पाय सुजतो. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर बनावटीची तारीख विचारा. पॉलीयुरेथेनचा सोल न वापरताही काही वर्षांनी भुसभुशीत होऊन गळतो.

डाव्या चवड्यावर लिव्हर घासून रंग गेला आहे. पुढच्या आठवड्यात इतवारीतल्या मोच्याकडून तिथे चामड्याचा तुकडा शिवून घेणार आहे. त्यानंतर चिखलदरा, परतवाड्याच्या बाजूने.