ठोक्यांचं ॲप: आकडा मागे, रेघ पुढे

मनगटावर बांधून हृदयाचे ठोके मोजणारी पट्टी मी घरीच जुळवतोय; तिचं हार्डवेअर आता बऱ्यापैकी ठरलंय, त्यामुळे सध्या सोल्डरिंग बंद आणि सगळा वेळ ॲपवर. ईएसपी३२ (ब्लूटूथ असलेला छोटा कंट्रोलर) आणि एमपीयू६०५० (हालचाल मोजणारा एक्सेलरोमीटर असलेली चिप) पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले. त्वचेवर प्रकाश टाकून नाडी टिपणारा सेन्सर मॅक्स३०१०१ घेतला, कारण ३०१०२ मध्ये हिरवा एलईडी नसतो, आणि मनगटावर, त्यातही चालताना, हिरव्या प्रकाशाचाच सिग्नल त्यातल्या त्यात टिकतो. ॲप फ्लटरमध्ये (ॲप लिहायचं एक साधन), तूर्त फक्त अँड्रॉइडसाठी.

ब्लूटूथचं आधी उरकतो. स्वतःचं काहीतरी निराळं करण्यापेक्षा ठोके पाठवायची ब्लूटूथची प्रमाणित हार्ट रेट सर्व्हिसच (क्रमांक १८०डी) वापरली. फायदा असा की तेच ॲप बाजारात मिळणाऱ्या, छातीला बांधून ठोके मोजायच्या पट्ट्यालाही जोडता येतं आणि दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवून बघता येतात. २ए३७ या कॅरॅक्टरिस्टिकमधून (सर्व्हिसमधला माहितीचा एक कप्पा) येणाऱ्या पहिल्या बाइटकडे नीट लक्ष द्या: ठोक्यांचा आकडा ८ बिटांत आहे की १६, सेन्सर त्वचेला टेकलाय का, पुढे आरआर अंतरं (लागोपाठच्या दोन ठोक्यांमधला वेळ) आहेत का, हे सगळं त्यातच असतं. आरआरचं एकक मिलिसेकंद नाही, सेकंदाचा १०२४वा भाग आहे. म्हणजे ८२० आलं तर ते साधारण ८०१ मिलिसेकंद. ८२० हेच मिलिसेकंद म्हणून वापरलं तर एचआरव्ही (ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार) सगळीकडे सव्वादोन-अडीच टक्क्यांनी फुगलेली दिसते आणि संशयही येत नाही.

आता खरा विषय. ॲप मी मामासाठी करतोय. तो रोज सकाळी पर्वती टेकडी चढतो, बीटा ब्लॉकरवर (हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या) आहे. त्यामुळे कमाल ठोक्यांचं २२० वजा वय हे सूत्र त्याच्यासाठी निरुपयोगी. या गोळ्यांनी ठोके मुळातच दाबलेले असतात. व्यायाम किती जोरात चाललाय हे दाखवणारे रंगीत झोन पहिल्याच आराखड्यातून काढून टाकले. त्याचं म्हणणं सरळ होतं: "अरे, आज नेहमीसारखं आहे का नाही, एवढं सांग. बाकीचं डॉक्टर बघतील." मामीचं उलट. आकडा दिसला की ती दर दोन मिनिटांनी मनगट बघते, आणि बघून बघून घाबरते.

म्हणून पहिल्या स्क्रीनवर मोठा आकडा नाहीच. आजची रेघ आहे आणि तिच्यामागे फिकट पट्टा: त्याच माणसाच्या गेल्या काही आठवड्यांतल्या त्याच वेळच्या ठोक्यांचा. रेघ पट्ट्यात असली की बघणाऱ्याला लगेच कळतं. आकडा हवा असेल तर रेघेवर बोट ठेवायचं.

सगळ्यात जास्त डोकं लागलं ते पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर. उतरताना छातीचा पट्टा ९५ च्या आसपास दाखवत होता, आपली पट्टी ११६ वर अडकलेली, आणि एक्सेलरोमीटरमध्ये पावलांची लयही ११६! पाऊल पडलं की मनगटातलं रक्त आणि पट्टी दोन्ही हलतात, आणि अल्गोरिदम त्या लयीलाच नाडी समजतो. महागड्या घड्याळांनाही हा त्रास होतो. आता फर्मवेअर (पट्टीतला प्रोग्रॅम) दोन्ही लयी ताडून बघतं. त्या जुळल्या आणि ठोके हळूहळू न चढता एकदम उडी मारून तिथे पोचले असतील, तर त्या सेकंदांना 'भरवसा नाही' अशी खूण लागते. प्रमाणित सर्व्हिसमध्ये यासाठी जागा नाही, म्हणून तेवढं एक कॅरॅक्टरिस्टिक वेगळं केलं.

अशा ठिकाणी ॲप रेघ तोडतं. दोन टोकं जोडून गुळगुळीत वळण काढणं सोपं आहे आणि दिसतंही छान, पण तब्येतीच्या बाबतीत न मोजलेलं मोजल्यासारखं दाखवणं मला मान्य नाही. पायऱ्यांवरचे काही खरे ठोके त्यात वाया जातात. जाऊ देत.

अनियमित ठोक्यांची सूचना द्यायची का, यावर बराच विचार केला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत ४,१९,२९७ लोकांपैकी २,१६१ जणांना अशी सूचना गेली. त्यांपैकी ज्या ४५० जणांनी ईसीजी पॅच (छातीला चिकटवून हृदयाचे विद्युत संकेत नोंदवणारी पट्टी) लावून परत पाठवला, त्यातल्या ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची एक अनियमित लय) सापडलं. ही लय येते-जाते, त्यामुळे उरलेल्या सगळ्या सूचना खोट्या होत्या असं नाही. पण एवढी यंत्रणा पाठीशी असताना ही गत, तर घरी जुळवलेल्या पट्टीने कुणाची झोप उडवू नये. त्याऐवजी महिन्याभराच्या रेघा, तुटलेल्या जागांसकट, एका पानाच्या पीडीएफवर येतात. मामा तेच पान डॉक्टरांना दाखवणार आहे. आणि छातीत दुखलं तर रेघ बघत बसू नये, म्हणून खाली १०८ ला फोन लावणारं मोठं बटण.

पुढचं काम रात्रीचं. झोपेत हात अंगाखाली दबला की सिग्नल जातो, आणि विश्रांतीतले ठोके नेमके तेव्हाच हवे असतात. दंडावर पट्टी बांधून कुणी रात्रभराचा डेटा घेतला असेल, तर कच्च्या सिग्नलची फाइल द्या. मी माझ्या पर्वतीच्या फाइली देतो, छातीच्या पट्ट्याच्या जोडीसकट.