चेहऱ्याला काय लावू? तुम्ही विचारलंत म्हणून

पार्लर चालवणाऱ्या बाईला हा प्रश्न कुठेही गाठतो. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक विचारतं तसंच लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई विचारते, भाजीच्या गाड्यापाशी कुणीतरी विचारतं, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्यावर, पाळण्याच्या रांगेतही विचारतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायका "अक्का" म्हणतात, जुळे सोलापुरातल्या कॉलेजच्या मुली "मॅम" म्हणतात, बाकी सगळ्यांची मी ताई. "ताई, चेहऱ्याला काय लावू सांगा की ओ." इतक्या जणींनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

उत्तराआधी माझा एक प्रश्न असतो: सध्या काय लावता? कारण माझ्याकडे येणारे बरेचसे बिघडलेले चेहरे नको ते लावल्याने बिघडलेले असतात.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी आली. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते, लग्न ठरलेलं, फेशियल करून हवं होतं. मी ओल्या कापसाने चेहरा पुसायला घेतला तर नुसत्या पाण्यानेच तिला झोंबलं. जवळून बघितलं. गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा, कातडी पातळ आणि चकचकीत, हनुवटीवर पुरळ, वरच्या ओठावर लव दाट झालेली. पर्समधून ट्यूब काढायला सांगितली. मागून गुंडाळत आणलेली, संपत आलेली ट्यूब. मोबाइलचा कॅमेरा धरून बारीक अक्षरं मोठी केली: मोमेटासोन, रंग फिकट करणारं हायड्रोक्विनोन आणि मुरुमांवर देतात ते ट्रेटिनॉइन. शेजारणीने नाव सांगितलं, मेडिकलमधून मागून आणली, पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळला म्हणून ती रोज लावत राहिली.

मोमेटासोन हे स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि लाली दाबणारं औषध आहे. त्वचारोगतज्ज्ञ ते देतात, पण ठरावीक आजाराला, ठरावीक दिवस. रोज चेहऱ्याला चोळलं की सुरुवातीला लाली आणि डाग दबतात, रंग उजळल्यासारखा वाटतो. मग कातडी पातळ होत जाते, शिरा दिसायला लागतात, ऊन सोसत नाही. आणि लावायचं थांबवलं की काही दिवसांत चेहरा लालभडक होऊन जळजळतो, फोड येतात. बाई घाबरते, पुन्हा तीच ट्यूब आणते. या चक्रात अडकलेल्या सोलापुरात किती असतील, माझ्या खुर्चीवर बसून जातात त्यावरून काळजी वाटते. अशा मलमांच्या मनमानी वापराविरुद्ध देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना अनेक वर्षं बोलते आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेली १४ मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरी ट्यूब मिळते. म्हणून तुम्हीच वाचायला शिका. नावाच्या शेवटी 'सोन' असेल, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, किंवा क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन असं काही लिहिलेलं असेल, तर ती सौंदर्याची क्रीम नाही, औषध आहे.

जांघेत, काखेत, कमरेला नायटा झाला की लोक अशीच स्टेरॉइड मिसळलेली मलमं आणतात. खाज रात्रीत थांबते, चट्टा मात्र आतून पसरत राहतो, आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही.

त्या मुलीचं फेशियल मी केलं नाही. ट्यूब बरोबर घेऊन सिव्हिलच्या त्वचारोग विभागात जा म्हटलं. तुम्हीही बरेच महिने असं काही लावत असाल तर हे वाचून आज एकदम बंद करू नका. ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा, सोडवायची पद्धत ते ठरवतील. त्या मुलीने लग्नात हलका मेकअप केला. चेहरा निवळायला त्यानंतरही कितीतरी महिने गेले.

दुसरी भीती बिननावाच्या डब्यांची. आत काय आहे ते लिहिलेलं नाही, कुणी बनवलं ते नाही, फक्त 'सात दिवसांत गोरेपण'. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात फेअरनेस क्रीम लावणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना आजार झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी २०२३ च्या सुमारास उघडकीस आणलं. चेहऱ्याला लावलेलं कातडीतून आत जातं आणि किडनीपर्यंत पोचतं, हे मी प्रत्येकीला सांगते.

आणि रंगाचंही एकदाच सांगते. दंडाची आतली, काखेच्या जवळची बाजू बघा. तिथे ऊन लागत नाही. तो तुमचा मूळ रंग. चेहरा त्याच्या जवळ आणता येतो, त्याच्या पलीकडे निरोगी मार्गाने कुणीच नेऊ शकत नाही, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

आता लावायचं काय ते. सोलापुरात राहत असाल तर सगळ्यात आधी सनस्क्रीन. बाकी सीरम-बिरम नंतर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली काही क्षण नाहीशी होते. त्या दिवसांत पारा चाळिशीच्या वर असतो, पण चेहरा काळवंडतो तो गरमीपेक्षा अतिनील किरणांनी, आणि ते ढगाळ जुलैतही असतात. पाकिटावर एसपीएफचा आकडा असतो. एसपीएफ ३० प्रयोगशाळेत साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. फरक एवढाच. त्यामुळे ५० च्या महागड्या बाटलीतून थेंब-थेंब काढण्यापेक्षा ३० ची परवडणारी भरपूर लावा. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या लांबीएवढी रेघ काढली की ती चेहरा आणि मानेला पुरते. पाकिटावर 'पीए' आणि त्यापुढे अधिकची चिन्हं बघा, ती यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांसाठी असतात. यूव्हीए काचेतूनही येतं. रोज एसटीने खिडकीशी बसून जाणाऱ्या एका शिक्षिकेचा खिडकीकडचा गाल दुसऱ्यापेक्षा गडद झालेला मी पाहिला आहे. उन्हात फिरायचं काम असेल तर दोन तासांनी पुन्हा लावायचं. घाम येतो, पुसला जातो, हे माहीत आहे. पुसल्यावर पुन्हा लावायचं.

गाडीवर स्कार्फ बांधता ते उत्तमच. मात्र झिरझिरीत ओढणीतून ऊन येतं. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती घ्या आणि रोज धुवा. घामट स्कार्फ तसाच दुसऱ्या दिवशी बांधला की गालावर पुरळ उठणारच.

गालांवर आणि नाकावर वांग असेल तर ऊन टाळल्याशिवाय कोणतंही मलम टिकत नाही. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारं वांग नुसत्या प्रकाशानेही वाढतं, त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं.

पाण्याचं दुखणं आपल्या गावाचं खास. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, मधल्या दिवसांत बोअर आणि टँकर. बोअरचं पाणी जड. त्यात साबण लावला की फेस कमी आणि चिकट साका जास्त, तो कातडीवर बसतो आणि अंग ओढल्यासारखं होतं. बादलीच्या कडेला जो पांढरट थर धरतो, तोच थोडाफार तुमच्या गालावरही असतो. निदान चेहऱ्याचं शेवटचं पाणी तरी नळाचं साठवलेलं वापरा, एक तांब्या पुरतो. चेहऱ्याला अंगाचा साबण नको, साधा सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदा. तोंड टिपलं की ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. अंगाला खोबरेल तेल छान, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला नको, छिद्रं बुजतात. गड्ड्याच्या दिवसांत हवा कोरडी होते तेव्हा ओठांना आणि टाचांना साधी पेट्रोलियम जेली लावा, तिच्याहून चांगलं महागात काही मिळेलच असं नाही.

स्वयंपाकघरातलं काय? डाळीचं पीठ आणि साय, हरकत नाही. हळद चिमूटभर. मुलतानी माती तेलकट चेहऱ्यालाच, आणि तडे जाईपर्यंत वाळू द्यायची नाही. लिंबू मात्र कधीच नाही. आधीच आंबट रस कातडीला जाळतो, वर त्यातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होऊन काळा डाग महिनोन्महिने राहतो. खायच्या सोड्याचा तर विचारही नको. मुरुमावर टूथपेस्ट लावणाऱ्यांनाही हेच.

पार्लरमधल्या गोष्टींबद्दल खरं तेच सांगते, यावर माझं घर चालतं तरीही. फेशियलने मृत थर निघतो, मालिशने रक्त खेळतं, चेहरा तजेलदार दिसतो. ते तेज काही दिवसांचं. महिन्यातून एकदा पुष्कळ झालं, आणि चेहऱ्यावर पिकलेली मुरुमं असताना मालिश अजिबात नको. ब्लीचने चेहऱ्यावरची लव भुरी होते, म्हणून चेहरा उजळ दिसतो. कातडीचा रंग त्याने बदलत नाही. मुरुमांसाठी ज्या बायका ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीन लावतात त्यांनी वॅक्सिंगला बसण्याआधी ते सांगायलाच हवं, नाहीतर केसांबरोबर कातडीचा पापुद्राही निघतो. पील, म्हणजे द्रव्य लावून कातडीचा वरचा थर काढणं, मी एप्रिल-मे मध्ये करतच नाही. कुणी आग्रह धरला तरी नाही. पीलनंतरच्या कोवळ्या कातडीवर सोलापूरचं ऊन पडलं तर होता तो डाग दुप्पट होतो.

काही गोष्टी घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि त्या माझ्या हातातल्या नसतात. मान काळी पडली म्हणून आया मुलींना घेऊन येतात, "घासून काढा" म्हणतात. मानेच्या मागे, काखेत काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी असेल तर तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्याची ती बहुतेकदा खूण असते. घासाल तेवढी ती काळी होईल. आधी साखर तपासा, वजन बघा, पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा कितीतरी मुलींचं निदान मानेवरून सुरू झालं आहे, आणि वेळेत कळलं याचा मला मनापासून आनंद आहे.

आणि टिकली. कपाळाच्या मधोमध टिकलीच्याच आकाराचा फिकट किंवा पांढरा ठिपका दिसला तर त्यावर रोज नवी टिकली चिकटवून तो झाकू नका. काही टिकल्यांच्या गोंदातलं रसायन रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना मारतं. टिकली लगेच थांबवा, कपाळ मोकळं ठेवा, डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीलाच थांबवली तर रंग परत येण्याची आशा असते. आमच्या भागात सासूबाई रिकाम्या कपाळाला बोलतात, तर मी त्यांनाही बोलावून आरशासमोर तो ठिपका दाखवते. दिसला की बहुतेक जणी ऐकतात.

लग्नघरांसाठी शेवटचं. कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. त्यामुळे आठवड्यावर लग्न आलं असताना माझ्याकडे येऊन उपयोग नसतो. तीन महिने आधी या. फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन एवढंच नेमाने करा, मुरुमं किंवा वांग असेल तर तेव्हाच डॉक्टर गाठा. शेवटचे पंधरा दिवस नवी क्रीम, नवं फेशियल, मैत्रिणीने सुचवलेलं काहीही नाही. हळद घरी दळलेली असेल तर ठीक, बाजारातली रंगीत पावडर असेल तर आधी कोपराच्या आत लावून बघा. केसांचा रंग आणि 'काळी मेहंदी' यांचं तर दर वेळी: कानामागे ठिपका लावायचा, दोन दिवस वाट बघायची. खाज सुटली, लाल झालं, तर तो डबा नवरीच्या जवळपासही ठेवू नका.