सहा पानांसाठी बेचाळीस दिवस

विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मागवलेली सहा पानं परवा एकदाची माझ्या मेलमध्ये येऊन पडली. बेचाळीस दिवस लागले. त्यातले नऊ दिवस ती पानं दुसऱ्या ग्रंथालयात शोधून, स्कॅन होऊन यायला. उरलेले तेहतीस एका ऑनलाइन फॉर्मवरच्या लाल चांदणीने खाल्ले. राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतेय. इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करणाऱ्या निदान एकाचे तरी एवढे दिवस वाचावेत.

माझा विषय धातूंचा फटीग. पुन्हा पुन्हा ताण येत राहिला की धातूतला तडा कसा आणि किती वेगाने वाढतो, त्याचा अभ्यास. या विषयात पॅरिसच्या नियमाला, म्हणजे तडा किती वेगाने वाढेल ते सांगणाऱ्या सूत्राला, वळसा घालून पुढे जाताच येत नाही. जो तो दोन संदर्भ देतो: पॉल पॅरिस आणि फझिल एर्दोगान यांचा 1963 चा लेख, आणि त्याच्या आधीचा पॅरिस, गोमेझ आणि अँडरसन यांचा 1961 चा. मीही प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात दोन्ही संदर्भ टाकले होते. माझ्या मार्गदर्शक सरांनी खर्डा वाचताना 1961 भोवती पेन्सिलने गोल काढला.

"हा वाचलायस?"

"नाही सर. एका रिव्ह्यू पेपरमधून घेतलाय."

"मग काढून टाक. नाहीतर मिळव."

1963 चा लेख दोन मिनिटांत मिळाला. एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, कारण तिथेही मी जरा चक्रावले होते. तो लेख एएसएमईच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या, 'जर्नल ऑफ बेसिक इंजिनिअरिंग'मधला. त्या नावाचं नियतकालिक आता निघत नाही आणि त्याचे जुने अंक प्रकाशकाच्या साइटवर 'जर्नल ऑफ फ्लुइड्स इंजिनिअरिंग'खाली लावलेले आहेत. म्हणजे धातूच्या तड्यावरचा लेख द्रवांच्या कपाटात. काल्मनचा गणिती फिल्टरवरचा 1960 चा प्रसिद्ध लेखही तिथेच सापडतो. त्यामुळे जुना लेख शोधताना नियतकालिकाच्या नावावर जाऊ नका. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) नाहीतर लेखाचं पूर्ण शीर्षक टाका.

1961 चा लेख मात्र 'द ट्रेंड इन इंजिनिअरिंग' नावाच्या नियतकालिकात होता, खंड 13, पानं 9 ते 14. हे वॉशिंग्टन विद्यापीठातून निघायचं. एवढा महत्त्वाचा लेख असल्या घरगुती अंकात का, याचं कारण वाचून मला फार वाईट वाटलं. तीन नामांकित नियतकालिकांनी तो नाकारला होता. तड्याच्या टोकाशी धातू कायमचा वाकतो, ताणला जातो. मग लेखकांनी वापरलेली, निव्वळ लवचिकतेच्या गणितातून आलेली ताणाची राशी तिथे काय कामाची, असं परीक्षकांचं म्हणणं. आज त्याच राशीवर अख्खा विषय उभा आहे, आणि ज्या लेखात हे आधी मांडलं गेलं तो फार थोड्या ग्रंथालयांत जपला गेलाय.

कॉम्पेंडेक्स या इंजिनिअरिंगच्या लेखांच्या डेटाबेसमध्ये शोधलं. शून्य. शीर्षकाने, लेखकाने, वर्षाने, कसंही शोधलं तरी शून्य. मला वाटलं, संदर्भच चुकीचा असणार. कोणी तरी एकदा चुकीचा लिहिला आणि बाकीच्यांनी उतरवून घेतला, असं होतंच. खरी गोष्ट मला महिन्याने कळली. कॉम्पेंडेक्स ज्यातून आलं तो 'इंजिनिअरिंग इंडेक्स' 1884 पासूनचा आहे, पण 1969 पर्यंतचा जुना भाग वेगळा विकत घ्यावा लागतो आणि आमच्या ग्रंथालयाने तो घेतलेला नाही. शोधाच्या चौकटीत हे कुठेही लिहिलेलं नाही. ती नुसतं शून्य दाखवते आणि आपण समजतो की लेखच नाही. तुमच्याकडचा डेटाबेस कोणत्या सालापासून सुरू होतो, हे पहिल्या दिवशी विचारून घ्या.

आता तो फॉर्म.

आपल्याकडे नसलेला लेख दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायची सोय असते, इंटर-लायब्ररी लोन. सोय उत्तम आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्याकडच्या फॉर्मबद्दल. त्यात लेखाचं नाव, लेखक, वर्ष, खंड, पानं आणि शेवटी आयएसएसएन. त्याच्यापुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. आयएसएसएन हा नियतकालिकांचा आठ अंकी क्रमांक, आणि ती पद्धत आली 1970 च्या दशकात. 1961 च्या लेखाच्या संदर्भात तो कुठून असणार? मी 'माहीत नाही' लिहिलं, चालेना. 1234-5678 टाकून पाहिलं, 'अवैध क्रमांक' अशी लाल ओळ आली. शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून हिशेबाने काढलेला असतो, म्हणून मनाला येईल तो क्रमांक तिथे चालत नाही.

शेवटी मी 1963 च्या लेखाच्या नियतकालिकाचा आयएसएसएन टाकला आणि खालच्या शेऱ्याच्या चौकटीत सविस्तर लिहिलं की हा क्रमांक फक्त फॉर्म पुढे जावा म्हणून दिलाय, मला हवं असलेलं नियतकालिक दुसरं आहे. चार दिवसांनी मेल आला: 'सदर नियतकालिक ग्रंथालयात ऑनलाइन उपलब्ध आहे. विनंती रद्द.' शेरा कोणी वाचलाच नव्हता. यंत्रणेने क्रमांक जुळवला आणि मोकळी झाली.

दुसऱ्या खेपेला 'पुस्तकातील प्रकरण' हा प्रकार निवडला, कारण तिथे क्रमांकापुढे चांदणी नव्हती. विनंती गेली, मला हायसं वाटलं. पुढचे अकरा दिवस स्थिती 'प्रक्रियेत'. मी सकाळ-संध्याकाळ ते पान उघडून बघायचे. बाराव्या दिवशी 'या नावाचे पुस्तक आढळले नाही. विनंती रद्द.' मग थेट कार्यालयाला मेल केला, सगळी हकीकत लिहिली, दोन्ही रद्द झालेल्या विनंत्यांचे क्रमांक दिले. सहा दिवसांनी एका ओळीचं उत्तर: 'कृपया ऑनलाइन फॉर्म भरावा.'

त्या दिवशी मी खरंच रडकुंडीला आले होते. पुढचे दहा-बारा दिवस मी तो विषयच काढला नाही. संदर्भ काढून टाकायचं जवळजवळ ठरवलं होतं.

मग एकदा पुस्तक परत करायला गेले असताना संदर्भ विभागाच्या टेबलापाशी नुसतीच थांबले. तिथल्या मॅडमनी विचारलं, "काय शोधतेयस?" मी सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "हा संदर्भ तुला कुठे कुठे दिसला?" मी लॅपटॉपवर तीन पेपर उघडून दाखवले. एकात 'ट्रेंड इंजी.', दुसऱ्यात 'ट्रेंड्स इन इंजिनिअरिंग', तिसऱ्यात नुसतंच विद्यापीठाचं नाव. त्या म्हणाल्या, "हे सगळे दुसऱ्याचं बघून लिहिणारे. पॅरिसने स्वतः पुढच्या लेखात कसं लिहिलंय ते बघ." 1963 च्या लेखाची संदर्भसूची मी तोवर वाचलीच नव्हती. लेखकाने स्वतःचा आधीचा लेख जसा नोंदवला असेल तो आधी धरायचा, हे मी तिथे शिकले.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. वर्ल्डकॅट ही जगभरच्या ग्रंथालयांची एकत्र सूची उघडली, नियतकालिकाचं पूर्ण नाव टाकलं, प्रकार 'नियतकालिक' केला, प्रकाशकाच्या जागी विद्यापीठ. नोंद समोर आली, तिचा ओसीएलसी क्रमांक (त्या सूचीतला नोंदीचा क्रमांक) आणि खाली अंक कोणाकोणाकडे आहेत त्याची यादी. त्यांनी क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि स्वतःच्या लॉगिनमधून विनंती टाकली. मी विचारलं, "आणि आयएसएसएन?" "आमच्याकडच्या फॉर्मला ती चांदणी नाहीये गं." सगळं मिळून वीस मिनिटं.

नवव्या दिवशी पानं आली. पान 9 च्या कडेला बांधणीची काळी सावली पडलीय, पहिल्या दोन-तीन ओळींची सुरुवातीची अक्षरं तिच्यात बुडालीत, कोपऱ्यात ग्रंथालयाचा अर्धवट उमटलेला शिक्का. मी प्रिंट काढून सरांना दिली. त्यांनी सहाही पानं उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाले, "आता राहू दे यादीत." इतका आनंद मला माझे प्रयोगाचे आलेख पहिल्यांदा नीट आले तेव्हाही झाला नव्हता.

लिहिता लिहिता आठवलेल्या काही गोष्टी. घरून काम करताना प्रकाशकाच्या साइटवर थेट गेलात तर ती तुम्हाला ओळखत नाही आणि पैसे मागते. भरू नका. ग्रंथालयाच्या पानावरून लॉगिन करून त्याच लेखाकडे या, बहुतेक वेळा तो उघडतो. मी आधीच्या वर्षी एकदा पैसे भरून बसले होते, आणि तो लेख ग्रंथालयाकडे होता.

शोधशब्दांचं म्हणाल तर 'क्रॅक ग्रोथ' टाकलं की 'क्रॅक प्रोपगेशन' लिहिणारे सगळे सुटतात. कॉम्पेंडेक्समध्ये एक चांगला लेख सापडला की त्याच्या नोंदीतले ठरावीक विषयशब्द बघा आणि त्यांनीच पुन्हा शोधा. माझी यादी त्या एका गोष्टीने दुप्पट झाली. शब्दाच्या मुळानंतर चांदणी टाकली की त्याची सगळी रूपं येतात. ही चांदणी मात्र कामाची.

चाचणीची मानकं लेखांच्या डेटाबेसमध्ये शोधत बसू नका, ती वेगळ्या वर्गणीत असतात. तडा वाढण्याचा वेग मोजायचं एएसटीएम (मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) ई647 हे मानक 1978 साली पहिल्यांदा निघालं आणि तेव्हापासून अनेकदा बदललंय. क्रमांकाच्या पुढे रेघ मारून येणारे अंक म्हणजे आवृत्तीचं साल. तुमच्या लॅबने कोणत्या आवृत्तीने चाचणी केली ते विचारून तीच मागा.

नासा आणि तिच्या आधीची संस्था एनएसीए (नाका) यांचे जुने तांत्रिक अहवाल नासाच्या स्वतःच्या संग्रहात बरेचसे फुकट मिळतात. तिथे शीर्षकापेक्षा अहवालाचा क्रमांक टाकून लवकर सापडतं.

त्या चांदणीबद्दल मी लेखी तक्रार दिलीय. आज सकाळपर्यंत ती तिथेच होती. तोवर जुन्या लेखासाठी कुणाला फॉर्म भरायचा असेल तर आधी वर्ल्डकॅटवरून ओसीएलसी क्रमांक काढून घ्या, लेखकाने स्वतः दिलेला संदर्भ छापून घ्या, आणि दोन्ही कागद घेऊन संदर्भ विभागाच्या टेबलाशी जा. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर तिथे गर्दी नसते.