वही, दुसरा माणूस आणि अठरावं वर्ष

कुकरची शिट्टी झाली की मूल स्वतःचा हात चावतं, म्हणून ते शाळेत गेल्यावरच कुकर लागतो. शू लागली की ते सांगत नाही, नुसतं चवड्यांवर उभं राहतं. बौद्धिक दिव्यांग मुलाच्या घरात अशा पन्नासेक गोष्टी असतात आणि बहुतेक घरांत त्या एकट्या आईलाच ठाऊक असतात. त्यामुळे तिला तापाने झोपायची सोय नसते. नोकरी सुटते, सख्ख्या भावाच्या लग्नातून पंगतीआधी निघावं लागतं. बाबांना करायचं नसतं असं नाही. त्यांच्या वाट्याला फी भरणं आणि पिशवी धरणं एवढंच आलेलं असतं.

या गोष्टी दुसऱ्या कुणालाही करता याव्यात म्हणून आधी दोनशे पानी वही घ्या आणि त्यात त्या लिहून काढा. ‘जेवण करतो’ असं लिहून उपयोग नाही. भात किती मऊ, घास केवढा, पाणी कुठल्या पेल्यातून, ठसका लागला तर काय करायचं, असं लिहा. औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ प्रिस्क्रिप्शन बघूनच उतरवा. फिटच्या गोळ्या चुरून चालतात का, हे डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात. त्या चुरल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं. या गोळ्या परस्पर बंद केल्या तर फिट उलटते, हेही ठळक लिहा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. मुलगी असेल तर पाळीचं पान वेगळं ठेवा.

मग दुसरा माणूस तयार करायचा: बाबा, मावशी, शेजारच्या काकू, कुणीही. आठवडाभर त्याने नुसतं बघायचं. पुढचे दोन आठवडे त्याने करायचं आणि आईने दुसऱ्या खोलीत बसायचं. तिसऱ्या टप्प्यात आईने घराबाहेर पडायचं, आधी अर्धा तास, मग दोन तास. गाडी अडते ती इथेच. वन रूम किचनमध्ये दुसरी खोली कुठली? आई ओट्यापाशी उभी राहून ‘तसं नाही हो’ म्हणते, मूल तिच्याकडे धावतं आणि समोरचा माणूस कायमचा हात काढून घेतो. त्यापेक्षा तिने सरळ बिल्डिंगखाली जाऊन बसावं. पहिले काही दिवस आरडाओरडा होणारच. तेवढ्यावरून प्रयोग फसला असं समजू नये.

मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान होतं आणि बँकेत आई-बाबांची सही आपोआप चालेनाशी होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. या समितीत जिल्हाधिकारी असतात. मुंबईत जिल्हे दोन. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत शहर, कचेरी फोर्टला. पुढे दहिसर-मुलुंडपर्यंत उपनगर, कचेरी वांद्रे पूर्वेला. चुकीच्या कचेरीत गेलात तर दिवस वाया. दिव्यांग प्रमाणपत्रही १८ व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यायचं असतं, ते आधी उरका.

पालक म्हणून आई-बाबांचीच नावं लागली, तर त्यांच्यामागे कुणाला तरी नव्याने अर्ज करावा लागतो. तो कोण करणार हे आजच ठरवून त्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दिवाळीला तासभर भेटून जाणारा मामा या कामाचा नाही.