नाळेचा डॉप्लर घेताना वॉल फिल्टर बघाच

बाळाची वाढ खुंटलेली दिसली की वारेची तब्येत कळते ती नाळेच्या धमनीतल्या रक्तप्रवाहाच्या लाटांवरून; त्या डॉप्लर, म्हणजे प्रवाहाचा वेग दाखवणारी सोनोग्राफी, पडद्यावर काढते. गेट, म्हणजे जिथला प्रवाह मोजायचा ती पडद्यावरची खूण, नाळेच्या मोकळ्या वेढ्यावर ठेवा. बाळाच्या पोटालगत घेतलं तर प्रवाहाला होणारा रोध जास्त दिसतो, वारेलगत कमी. बाळाच्या श्वासाच्या हालचाली चालू असतील तर थांबा. ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांतला कोन शून्याच्या जवळ, पडद्यावर 4 ते 6 सारख्या लाटा.

खरी गफलत वॉल फिल्टरची, म्हणजे मंद हालचालींचे कमी वारंवारतेचे सिग्नल गाळणाऱ्या सेटिंगची. तो 60 हर्ट्झच्या वर राहिला की बेसलाइनला (शून्य वेगाच्या रेषेला) लागून काळी पट्टी उमटते, मंद प्रवाह पुसला जातो आणि लाटेचं शेपूट, म्हणजे पुढच्या ठोक्याआधीचा शेवटचा प्रवाह, ‘नाही’ असं वाटतं. इथे चूक परवडत नाही. एवढ्यावरून 34 आठवड्यांच्या आतच प्रसूती ठरू शकते. फिल्टर खाली आणा, दुसरा वेढा शोधा, पुन्हा मोजा, मगच रिपोर्ट लिहा.