अझुराची शेवटची पुजारीण

‘स्कायरिम’ हा गेम २०११ साली आला. मी तो बऱ्याच उशिरा, एका सेलमध्ये घेतला, आणि अजून माझी मुख्य कथा अर्धीसुद्धा झालेली नाही. ड्रॅगन आपले निवांत उडतायत. दर वेळी नवं पात्र घेऊन सुरुवात केली, की माझे पाय आपोआप उत्तरेकडे वळतात. विंटरहोल्डच्या दक्षिणेला बर्फाचा डोंगर आहे, त्यावर अझुराचा अवाढव्य पुतळा. एका हातात चंद्रकोर, दुसऱ्या हातात तारा. ही संधिकालाची देवी. उजाडणं आणि मावळणं, दोन्ही तिच्याकडे.

पहिल्यांदा पायऱ्या चढून वर पोचले तेव्हा तिथे एकच बाई उभी होती. अरानिया आयेनिथ. तू येणार हे मला ठाऊक होतं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. (ती हे प्रत्येक खेळाडूला म्हणते. तरी बरं वाटतं.)

अरानिया डनमर जमातीची. राखेसारखी कातडी, लाल डोळे. या मालिकेच्या पुराणात हा रंगसुद्धा अझुराच्याच शापाचा आहे. जमातीतल्या तिघांनी शपथ मोडून स्वतःला देवपण घेतलं, आणि सगळ्यांचीच कातडी राखेची झाली. केलं तिघांनी, भोगलं गावाने. पुढे कितीतरी पिढ्यांनी रेड माउंटनचा ज्वालामुखी फुटला, तेव्हा मात्र तिनेच आधी दृष्टान्त देऊन आपल्या भक्तांना बाहेर काढलं. वाचलेल्यांनी या परक्या, गारठलेल्या मुलखात तिचं ऋण म्हणून हा पुतळा उभारला. जिने रूप घालवलं, तिचाच. यात मला फारसं नवल वाटलं नाही. ‘आमची देवी फार कडक आहे हो’ हे वाक्य मी लहानपणापासून कौतुकाच्या सुरातच ऐकलंय.

बाकीचे भक्त मात्र एकेक करून डोंगर उतरून गेले. देवी बोलत नव्हती म्हणून जाणारे समजू शकते. हे गेले ते ती बोलायची म्हणून. पुढचं दिसायचं, आणि दिसलेलं सोसवायचं नाही.

एकदा चहाचा कप ठेवता ठेवता आईने स्क्रीनकडे पाहिलं.

‘ही कुठली गं देवी?’

‘अझुरा.’

‘पूजा कोण करतं?’

‘ही एकटीच.’

‘मग एवढी मोठी मूर्ती कशाला बांधायची? झाडलोट कोण करणार रोजची?’

मी नंतर खरंच झाडू शोधला. सापडला नाही.

आता माझ्या भक्तीचं सांगते. मला तारा हवा होता, बस. या खेळात मंतरलेली शस्त्रं वापरून वापरून निकामी होतात. ती पुन्हा भरायला मेलेल्या प्राण्याचा आत्मा एका खड्यात धरून ठेवावा लागतो, आणि खडा एकदा वापरला की संपला. अझुराचा तारा संपत नाही. कितीदाही भरा. एवढ्यासाठी मी अरानियाचं कोडं सोडवत विंटरहोल्डच्या खानावळीत बसलेल्या नेलाकार नावाच्या जादूगारापर्यंत गेले, तळ्यात अर्ध्या बुडालेल्या किल्ल्यातून मोडका तारा काढून आणला.

आणि मग खरी पंचाईत. तो अरानियाला द्यायचा की नेलाकारला? नेलाकार सांगतो, या देवीवर भरवसा ठेवू नकोस, मला दे. त्याच्या हातून जो काळा तारा मिळतो त्यात माणसांचेही आत्मे मावतात. हिशेबाने तोच फायद्याचा. अझुराचा तारा माणसांचे आत्मे घेत नाही. गेमच्या गणितात मुरलेले खेळाडू काळाच घेतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण मला ते जमेना. मोजक्या वाक्यांचं ते पात्र, कुणीतरी स्टुडिओत माइकसमोर बोललेलं. तरी रिकाम्या हाताने तिच्यापुढे उभं राहायची लाज वाटली. मी तारा तिलाच दिला.

देवीने मला ताऱ्याच्या आत धाडलं, तिथे दडून बसलेल्या, तारा बिघडवणाऱ्या मालिन वारेन या जादूगाराच्या आत्म्याशी लढवलं, तारा दिला. तिचं काम झालं. मग अरानिया म्हणाली, की तिला शेवटचा दृष्टान्त झालाय. आता पुढे काय करायचं, ते तिला कळत नव्हतं. माझ्याबरोबर येते म्हणाली.

आली. गुहांमधून, अस्वलांमधून, माझ्या पोत्यातलं जास्तीचं सामान वाहत. एकदा मला दुसऱ्या कुणाला बरोबर घ्यायचं होतं, म्हणून व्हाइटरनच्या बाजारात तिला निरोप दिला. थोड्या दिवसांनी सहज डोंगरावर गेले, तर ती पुतळ्याच्या पायाशी, होती तिथेच उभी.