चंपीचं बाळंतपण

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली चंपी कुत्री व्याली, ती पण ऐन डिसेंबरात, पुण्याच्या थंडीत. पाच पिल्लं. चंपी तशी कुणाचीच नाही आणि सगळ्यांची आहे, त्यामुळे बातमी फुटली तशी अर्धी बिल्डिंग वाटीत दूध घेऊन खाली. आता गायीचं दूध हा आपल्याकडचा लाडका उपाय, पण पिल्लांना ते सोसत नाही हो. कुत्रीच्या दुधात फॅट आणि प्रोटीन गायीच्या दुधाच्या दुपटीहून जास्त आणि लॅक्टोज कमी, त्यामुळे हे पाजलं की पोट तर भरत नाहीच, वर हगवण लागते. द्यायचंच तर बाळंतिणीला द्या म्हटलं, पोटभर अंडी-भात, पाच जणं दिवसरात्र ओढतायत तिला.

खरं तर पहिले पंधरा दिवस आपल्याला फार काम नसतंच, आपली लुडबुड आवरणं हेच काम. पिल्लांचे डोळे बंद, कान बंद, पहिल्या आठवड्यात तर धड कुडकुडताही येत नाही त्यांना, ऊब बाहेरूनच मिळायला हवी. खोक्यात जुनी गोधडी घातली आणि बल्ब सोडला तो एकाच कोपऱ्यावर, म्हणजे उकडलं तर सरकायला जागा. एकमेकांवर चढून कुंई कुंई करायला लागली की गारठलीयत, लांब लांब पसरली की उकडतंय. बाकी सगळं चंपी बघते. आईने चाटल्याशिवाय यांना शू सुद्धा होत नाही, आणि ती सगळं चाटूनपुसून साफ, खोक्यात ना वास ना ओल. काही घरांत बाळंतिणीच्या खोल्या पाहिल्यात मी, असो.

रोजचं एकच काम, वजन. रवा मोजायचा किचनमधला काटा खाली नेला (घरी बोललो नाही), आणि ओळखायला प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर, सैलच. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट व्हायला हवं असतं. चार जणं मस्त चढत होती, निळी लोकरवालं मात्र २६० ग्रॅमवरच अडलेलं, धटिंगण भावंडं त्याला टिकूच देत नव्हती. मग बाकीच्यांना बाजूला काढून याला आधी लावायचं. एकदा पकड बसली की बघत राहावं, पुढचे पंजे आईच्या पोटावर कणीक तिंबल्यासारखे चाललेत, शेपूट ताठ, आणि मधेच चुक् चुक् आवाज. काटा हलला, ३०० झाला, तेव्हा वॉचमनकाकांनी मला टाळी दिली.

मग डोळ्यांच्या कोपऱ्यात फट दिसते, आतून निळसर धुरकट बुबुळं, पण दिसत फारसं नसावं, आईलाच धडकतात. दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडून जंताचं औषध.

आणि तिसरा आठवडा संपला की बाईसाहेब पालटतात! दात आले ना, सुईसारखे, ते लागले की चंपी ताडकन उठून कुणाच्या तरी ॲक्टिव्हावर जाऊन बसते, पिल्लं खाली कोकलतायत, आणि ती आपल्याकडे बघते, आता तुम्ही बघा. इथून खरी आपली पाळी. मऊ भात कालवून परातीत ठेवला तर खायच्या आधी पाचही जणं त्यात चालून आली, मग चंपीने खाली उतरून आधी परात आणि मग पिल्लं चाटली. पार्किंगभर शी-शू, चपला गायब, सेक्रेटरींचे मेसेज वेगळेच.

वरच्या मजल्यावरच्या काकांना निळी लोकरवालं हवंय, रोज विचारतात नेऊ का. आठ आठवडे व्हायच्या आत मिळणार नाही म्हटलं, तोवर घरातली रद्दी विकू नका, लागेल.